ऐकणाऱ्यालाही तोंड असतं

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

एका कबुलीनं सुरुवात करतो. गोष्ट १९९८ सालची आहे. मी तेव्हा एका केंद्रावर निवेदक होतो. शेतकऱ्यांनी फोनवरून प्रश्न विचारायचे आणि स्टुडिओत बसलेल्या जाणकारांनी उत्तरं द्यायची, असा आमचा थेट कार्यक्रम असे. खरिपाच्या पेरण्या नुकत्याच झाल्या होत्या. एक फोन आला. पलीकडून आवाज आला, ‘साहेब, सोयाबीन पेरून दहा दिवस झाले, उगवलंच नाही.’ जाणकारांनी विचारलं, किती खोल पेरलंत? ओल पुरेशी होती का? त्या शेतकऱ्यानं शांतपणे सगळं सांगितलं. मग म्हणाला, ‘माझ्या एकट्याचं नाही साहेब, आमच्या सगळ्या वस्तीचं असंच झालंय. सगळ्यांनी बियाणं एकाच दुकानातून आणलं. त्या दुकानाचं नाव...’

आणि मी फेडर खाली ओढला. फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी. फोन सुरूच होता, पण त्याचा आवाज हवेवर जायचा बंद झाला. मी म्हणालो, ‘काही तांत्रिक कारणामुळे आपला संपर्क तुटलेला दिसतो. तोपर्यंत ऐकू या एक गाणं.’

नियमानं पाहिलं तर मी बरोबर वागलो होतो. शहानिशा न करता कुणाचं नाव घेणं, कुणाची बदनामी करणं हे नभोवाणीच्या संहितेत बसत नाही आणि बसूही नये. तो दुकानदार निर्दोष असू शकत होता. पण श्रोतेहो, चूक फेडर ओढण्यात नव्हती. संपर्क तुटला असं मी खोटं सांगितलं, ती एक चूक. आणि कार्यक्रम संपल्यावर त्या माणसाला मी उलट फोन केला नाही, ही त्याहून मोठी चूक. त्याचा प्रश्न तसाच राहिला. त्याची वस्ती रेडिओभोवती बसून ऐकत असणार. त्यांना काय वाटलं असेल? आपलं माणूस बोलायला लागलं, आणि नेमकं कामाचं सांगायची वेळ आली तेव्हा गाणं लागलं.

आज मला बोलायचं आहे ते गावातल्या, तालुक्यातल्या, आपल्या परिसरातल्या रेडिओवरच्या गप्पांबद्दल. जिथं समाज, राजकारण, धंदा आणि कला या सगळ्यांबद्दल त्याच भागातली माणसं बोलतात आणि त्याच भागातली माणसं ऐकतात. असं बोलणं का हवं, ते कशानं बिघडतं आणि कशानं टिकतं, एवढंच सांगायचा प्रयत्न करतो.

या गोष्टीची सुरुवात माझ्या लहानपणापर्यंत जाते. आमचं गाव तेव्हाच्या उत्तर सातारा जिल्ह्यात. वडील मराठी शाळेत मास्तर. १९५६ साली गावात सरकारी रेडिओ आला. गावात वीज नव्हती, म्हणून बॅटरीवर चालणारा भला मोठा संच. तो चावडीत ठेवलेला. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी गावातली वीसेक माणसं तिथं जमत. पुणे केंद्रावरून अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. तो संपला की वडील रेडिओ बंद करत, आणि मग खरा कार्यक्रम सुरू होई. खताचा खड्डा कुठं घ्यायचा, उंदरांचा बंदोबस्त कसा करायचा, विहिरीचं पाणी कसं स्वच्छ ठेवायचं, यावर माणसं तावातावानं बोलत. वडील कंदिलाच्या उजेडात ते टिपून घेत आणि दुसऱ्या दिवशी पोस्टानं पुण्याला पाठवत. गावाचे प्रश्नही त्यात असत. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं येत. आपल्या गावाचं नाव रेडिओतून ऐकू आलं, तेव्हा चावडीत पसरलेली शांतता मला अजून आठवते.

मी तेव्हा सहा-सात वर्षांचा. आपण एका मोठ्या प्रयोगाच्या मध्यभागी बसलो आहोत, हे मला कसं कळणार? कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी रेडिओ मंडळं चालत होती. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्यांचं सूत्र. युनेस्कोच्या मदतीनं तोच प्रयोग भारतात करायचं ठरलं, आणि त्यासाठी निवड झाली ती आपल्या मुलखाची. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे, दीडशे गावं, दहा आठवडे आणि वीस कार्यक्रम. नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण केसकर, आपले पुण्याचेच. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत पॉल न्यूरथ नावाचे समाजशास्त्रज्ञ होते. या प्रयोगाची तपासणी त्यांनी केली.

ही तपासणी फार शहाणपणानं झाली. न्यूरथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन प्रकारची गावं घेतली. काही गावांत रेडिओ होता आणि श्रोता मंडळही होतं. काही गावांत रेडिओ होता, पण मंडळ नव्हतं. काही गावांत दोन्ही नव्हतं. प्रयोगाआधी आणि नंतर गावकऱ्यांना शेतीबद्दल, आरोग्याबद्दल तेच प्रश्न विचारले. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढलेली दिसली. आणि नुसता रेडिओ असलेल्या गावांत? तिथं फरक जवळजवळ नव्हताच.

श्रोतेहो, हे जरा थांबून ऐका. फरक पडला तो ऐकून झाल्यावर माणसं एकमेकांशी बोलली म्हणून. सत्तर वर्षं होत आली या गोष्टीला. पण रेडिओबद्दल याहून मोठं सत्य मला त्यानंतर कुणी सांगितलेलं नाही. नुसतं कानावर पडलेलं माणूस विसरतं. ज्याच्याबद्दल तो चार माणसांत बोलला, भांडला, ते त्याच्याजवळ राहतं.

वडिलांच्या त्या मंडळातही उणिवा होत्याच. आमच्या चावडीत एकही बाई बसलेली मला आठवत नाही. विहिरीच्या पाण्याची चर्चा व्हायची, पण ते पाणी ओढणारी बाई घरी भाकऱ्या थापत असायची. गावकुसाबाहेरच्या वस्तीतलं कुणी आलंच, तर ते दाराशी उभं असायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. पुढं संच बिघडला. दुरुस्तीला माणूस येईना. प्रश्नांची उत्तरं उशिरा यायला लागली, मग येईनाशी झाली, आणि मंडळ बंद पडलं. मंडळ कशानं मेलं, असं कुणी विचारलं तर वडील म्हणायचे, ‘पत्राला उत्तर आलं नाही, म्हणून.’ मी निवेदक झालो तेव्हा हे वाक्य मला पाठ होतं. आणि तरीही १९९८ साली मी तेच केलं.

आता कुणी म्हणेल, शेतीचं ठीक आहे, पण राजकारण, धंदा, कला यांचं काय? रेडिओवर प्रत्येकाचा वेगळा कार्यक्रम असतो. कामगारांचा वेगळा, महिलांचा वेगळा, शेतकऱ्यांचा वेगळा. कार्यक्रमांचा तक्ता करायला ते सोयीचं असतं. पण गावातलं आयुष्य अशा खणांत मांडलेलं नसतं. माण तालुक्यातल्या म्हसवडचं उदाहरण घ्या. दुष्काळी मुलूख. तिथं सिद्धनाथाची मोठी यात्रा भरते. यात्रेच्या दिवशी पाण्याचा टँकर कुठं उभा राहणार, एवढा एकच प्रश्न विचारून पाहा. देवाचा उत्सव आहे, म्हणून तो संस्कृतीचा प्रश्न. टँकर कुणाच्या आळीत आधी जाणार, म्हणून राजकारणाचा. रसवंतीवाल्यानं आणि भज्यांच्या गाडीवाल्यानं पाणी विकत घ्यायचं की फुकट मिळणार, म्हणून धंद्याचा. आणि रांगेत कुणी आधी उभं राहायचं, म्हणून समाजाचा. एका टँकरभोवती चारही विषय उभे असतात. परिसराच्या रेडिओवर हा प्रश्न चार वाक्यांत मांडता येतो, कारण ऐकणाऱ्याला ती आळी माहीत असते. मुंबई-पुण्याच्या केंद्रावरून तो मांडायचा तर आधी नकाशा समजावून सांगावा लागेल.

आपल्या मराठी रेडिओनं पूर्वीही या विषयांची सरमिसळ मोठ्या खुबीनं केली होती. ‘पुन्हा प्रपंच’ आठवतंय ना? पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू या मंडळींचे आवाज. एका घरातल्या तीन माणसांच्या गप्पा. पण त्यांत महागाई असे, रेशन असे, रस्त्यावरचा कचरा असे. सरकारी रेडिओवरून सरकारी कारभाराला काढलेला हळूच चिमटा असे. लोकांना ते आपलं वाटायचं, कारण ते घरात बोलतात तसंच होतं. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. टेकाडे भावजी बोलत होते, आपण ऐकत होतो. आपल्याला काही म्हणायचं असेल तर पत्र हा एकच मार्ग होता.

ऐकणाऱ्यानं थेट बोलायचं, स्वतःचं केंद्र चालवायचं, ही वाट उघडली ती न्यायालयातून. आणि निमित्त होतं क्रिकेट! १९९३ साली हिरो कप स्पर्धेचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून वाद झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांच्यावर सरकारची किंवा कुणाची मक्तेदारी असू शकत नाही, असं त्या निकालानं सांगितलं. नदीचं पाणी, गायरान, तशाच या लहरीही आपल्या सगळ्यांच्या.

निकाल लागला, पण दार एकदम उघडलं नाही. खासगी एफएम केंद्रं २००१ पासून सुरू झाली, ती मोठ्या शहरांत आणि मुख्यतः गाण्यांची. सामुदायिक रेडिओचं धोरण २००२ च्या अखेरीस आलं, पण ते फक्त शिक्षणसंस्थांसाठी. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र २००४ साली सुरू झालं, ते देशातलं पहिलं. लोकांमध्ये काम करणाऱ्या संस्थांना परवानगी मिळायला नोव्हेंबर २००६ उजाडलं.

त्या वाट पाहण्याची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्या मराठवाड्याच्या पलीकडे, बीदर ओलांडून गेलं की झहीराबाद लागतं. त्या भागात, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात, माचनूर नावाचं खेडं आहे. तिथल्या दलित, कोरडवाहू शेती करणाऱ्या बायकांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेबरोबर १९९० च्या दशकाच्या शेवटीच ध्वनिमुद्रणाचं काम सुरू केलं. बोलायला त्या तयार होत्या, पण प्रक्षेपणाची परवानगी नव्हती. मग त्यांनी काय करावं? कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे आणि त्या कॅसेटी गावोगावच्या महिला मंडळांच्या बैठकीत वाजवायच्या. असं जवळजवळ दहा वर्षं चाललं. अखेर ऑक्टोबर २००८ मध्ये ‘संघम रेडिओ’ हवेवर आला. दोन्ही निवेदिकांचं नाव नरसम्मा. ज्वारी, बाजरी, राळं कसं पेरायचं, बी कसं राखायचं, सणाला कोणती गाणी म्हणायची, हे त्या आपल्या तेलुगू बोलीत एकमेकींना सांगू लागल्या. आमच्या चावडीत ज्या बाईला जागा नव्हती, ती इथं ध्वनिक्षेपकासमोर बसली होती.

त्याच वर्षी, डिसेंबर २००८ मध्ये, म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. चेतना गाला सिन्हा यांनी माणदेशी महिलांची बँक १९९७ मध्ये उभी केली होती, तिच्याच परिवारातला हा रेडिओ. बारामतीची ‘शारदा कृषी वाहिनी’, जत तालुक्यातली ‘येरळावाणी’, पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, अशी आपल्याकडची आणखीही नावं आहेत. देशभरात २०२४ च्या सुरुवातीला अशी ४८१ केंद्रं होती. एवढ्या मोठ्या देशाच्या मानानं आकडा लहानच.

या केंद्रांची ताकद किती? शंभर वॅट. पूर्वी लग्नघरात ओसरीवर शंभराचा दिवा लावायचो, तेवढी! साधारण पाच ते दहा किलोमीटरपर्यंत आवाज जातो. मोठी केंद्रं चालवलेल्या माणसाला आधी याचं हसू येतं. मलाही आलं होतं. पण विचार करा, दहा किलोमीटर म्हणजे बाजाराच्या गावाला चालत येणाऱ्या माणसांचा टापू. बोलणाऱ्याला ऐकणारा ओळखतो. चुकीचं बोललात तर दुसऱ्या दिवशी बाजारात कुणीतरी हटकतो, ‘काय हो, काल काय सांगत होता?’ हे हटकणं म्हणजे या रेडिओचं खरं लेखापरीक्षण आहे. दिल्लीतल्या वृत्तवाहिनीवर ओरडणाऱ्या निवेदकाला भाजी आणताना कुणी असं अडवत नाही.

आणि बोलीचं काय सांगू? आम्हाला स्टुडिओत ‘शुद्ध’ बोलायला शिकवलं होतं. समोरचा शेतकरी ‘न्हाई’ म्हणाला की आम्ही पुढच्या वाक्यात ‘नाही’ म्हणून त्याला नकळत सुधारायचो. तो गप्प व्हायचा. परिसरातल्या केंद्रावर निवेदिकाच ‘न्हाई’ म्हणते, म्हणून समोरची आजी मोकळी होते. जात्यावरच्या ओव्या, धनगरांच्या गजीची गाणी, लग्नातले उखाणे ही आपली ठेव अशा मोकळ्या आजीकडूनच मिळते. फॉर्म भरून घेतल्यासारखे प्रश्न विचारले, तर ती एवढंच म्हणते, ‘मला काय येत न्हाई बया.’

आता अवघड भागाकडे येतो. सामुदायिक रेडिओच्या २००६ च्या धोरणात एक अट आहे. बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम करायचे नाहीत. खासगी एफएमवाल्यांनाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. वर्तमानपत्र काढायला मुभा आहे, दूरचित्रवाणीवर चोवीस तास बातम्यांचा धबधबा आहे, मोबाइलवर तर कसलीच आडकाठी नाही. फक्त ओसरीतल्या शंभराच्या दिव्यावर बंधन. २०१३ साली ‘कॉमन कॉज’ या संस्थेनं याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती.

ही अट मला पटत नाही. पण ती ज्या भीतीतून आली, ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आफ्रिकेतल्या रवांडा देशात १९९३ मध्ये एक खासगी रेडिओ सुरू झाला. गाणी, हास्यविनोद, लोकांच्या गप्पा, रस्त्यावरच्या माणसाच्या भाषेत. तरुणांना तो भारी आवडायचा. त्याच गप्पांमधून तुत्सी समाजाला झुरळं म्हणायला सुरुवात झाली. १९९४ मध्ये कत्तली सुरू झाल्या, तेव्हा त्या रेडिओवरून माणसांची नावं आणि पत्ते सांगितले गेले. काही लाख माणसं मारली गेली. २००३ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं त्या केंद्राच्या संस्थापकांना दोषी ठरवलं. तोही जवळचाच आवाज होता, श्रोतेहो. तोही आपल्या बोलीत बोलत होता.

अमेरिकेचं उदाहरण एवढं भीषण नाही, पण विचार करायला लावणारं आहे. तिथं १९४९ पासून एक नियम होता. वादाच्या सार्वजनिक प्रश्नावर बोलायचं, तर दुसऱ्या बाजूलाही जागा द्यायची. १९८७ मध्ये तो नियम गेला. त्यानंतर एकाच बाजूनं तासन् तास बोलणारे रेडिओवरचे वक्ते देशभर गाजले. फोन श्रोत्यांचेच येत, पण येत ते बहुधा ‘अगदी बरोबर बोललात’ असं सांगायला. श्रोत्याला तोंड मिळालं, पण ते फक्त होकारासाठी.

म्हणजे नुसता ध्वनिक्षेपक गावाच्या हाती देऊन भागत नाही. बोलण्याला वळण लागतं. माझ्या अनुभवातून तीन-चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, ज्याच्याविरुद्ध बोलणं झालं त्याला त्याच वेळी, त्याच कार्यक्रमात जागा हवी. महिन्यानं छापून आणलेल्या खुलाशाला अर्थ नसतो. दुसरी, आरोप आणि प्रश्न यांत फरक करायचा. ‘सरपंचानं पैसे खाल्ले’ हा आरोप झाला. ‘पाण्याच्या टाकीसाठी किती पैसे आले आणि किती खर्च झाले?’ हा प्रश्न झाला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं तो विचारायची सोय केली आहे. त्याचं उत्तर कागदावर मिळतं आणि ते रेडिओवर वाचून दाखवायला पक्षाचं नाव घ्यावं लागत नाही. तिसरी, जो बोलत नाही त्याच्याकडे आपण जायचं. स्टुडिओत येणारी माणसं तीच ती असतात. ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन विहिरीवर, भट्टीवर, पालावर जायचं. आणि चौथी, जी मला सगळ्यात उशिरा समजली. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. आज नसेल तर पुढच्या मंगळवारी, पण द्यायचंच. मिळालं नसेल तर ‘मिळालं नाही’ हेही सांगायचं.

पैशाचाही प्रश्न आहेच. केंद्राला वीज लागते, माणसाला पगार लागतो. सुरुवातीच्या नियमात तासाला पाच मिनिटं जाहिराती चालत. पुढं ती सात झाली, आणि २०२४ मध्ये बारा. सरकारी जाहिरातींचा दरही तेव्हा दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. यावर कुणी श्रीमंत होणार नाही. पण मला त्या बारा मिनिटांत वेगळीच शक्यता दिसते. गावातली शिवणकाम करणारी, पापड-कुरडया विकणारी, शेळ्या पाळणारी बाई मोठ्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊ शकत नाही. दहा किलोमीटरच्या रेडिओवर देऊ शकते, आणि तिचं गिऱ्हाईकही त्याच दहा किलोमीटरमध्ये राहतं. फक्त एक पथ्य पाळायला हवं. बियाण्याच्या दुकानाची जाहिरात घेतली, म्हणून न उगवलेल्या बियाण्याचा प्रश्न गिळायचा नाही. तो गिळला की रेडिओ दुकानाचा झाला, गावाचा राहिला नाही.

तुम्ही म्हणाल, आता व्हॉट्सअॅपचे गट आहेत, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. रेडिओ कशाला हवा? गावच्या गटात बोलणं भरपूर चालतं हे खरं. पण तिथं अफवा कुणी सुरू केली ते कळत नाही, आणि ती खोटी ठरली तरी ते सांगायची जबाबदारी कुणाची नसते. शिवाय ज्याला वाचता येत नाही, जिच्या हातात स्वतःचा फोन नाही, ती त्या गटात नाहीच. रेडिओवर बोलणाऱ्याला नाव असतं, कार्यक्रमाची वेळ असते, आणि भाकरी थापता थापताही तो ऐकता येतो.

आता परत माझ्या त्या फोनकडे. आज ती वेळ आली तर मी काय करीन? फेडर तेव्हाही खाली ओढीन. पण श्रोत्यांना खरं सांगीन, की ‘या भाऊंनी एका दुकानाचं नाव घेतलं. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय ते नाव आम्ही प्रसारित करणार नाही. पण प्रश्न गंभीर आहे आणि पुढच्या आठवड्यात याच वेळी आम्ही त्यावर बोलणार आहोत.’ गाणं लागलं की त्या शेतकऱ्याचा पत्ता घेईन. त्याच्याजवळ बियाण्याची पिशवी, पावती राहिली आहे का ते विचारीन आणि ती जपून ठेवायला सांगीन. दुकानदाराला बोलवीन, कृषी अधिकाऱ्यांना बोलवीन, वस्तीतल्या दोघा-तिघांना बोलवीन. कदाचित बियाणं वाईट निघेल, कदाचित पेरणीतच काही चुकलेलं निघेल. काहीही निघो, त्या वस्तीला कळेल की आपण विचारलं आणि कुणीतरी ऐकलं.

तो शेतकरी पुन्हा कधी आमच्या कार्यक्रमाला फोन करताना मी ऐकला नाही. आमची पत्रांची पेटी त्या वर्षीही भरलेली होती, गाण्यांच्या फर्माइशी तर रोज येत होत्या, आणि कार्यक्रम लोकप्रिय आहे असंच आम्ही वरिष्ठांना कळवत होतो. न आलेल्या फोनची नोंद मात्र कुठल्याही वहीत होत नसते.

तुमच्या भागात असं एखादं केंद्र असेल तर त्याला या आठवड्यात एक प्रश्न पाठवा. गाण्याची फर्माइश नको, प्रश्न पाठवा. पाण्याचा, शाळेचा, एसटीच्या वेळेचा, बाजारभावाचा, जत्रेचा. आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा. केंद्र चालवणारं कुणी हे ऐकत असेल, तर त्यांना वडिलांचं वाक्य सांगून थांबतो. त्यांचं मंडळ पत्राला उत्तर न आल्यानं बंद पडलं होतं. तुमचं पडू देऊ नका.